आफ्रिकेतल्या खाणीचा परवाना कोणाच्या हातून येतो?

शाल्मली

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने महत्त्वाच्या खनिजांसाठी राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. त्याच सुमारास झांबियाने तांबं-कोबाल्टच्या शोधासाठी सुमारे ९,००० चौरस किलोमीटरचा पट्टा भारताला द्यायचं मान्य केलं. तेव्हापासून वर्तमानपत्रांत आणि यूट्यूबवर यावर बरंच येतंय. साठा किती, बॅटरीला किती लागतं, चीन किती पुढे गेलाय, सगळं असतं त्यात. परवाना मिळतो कसा, तो देताना खुर्चीवर कोण असतं आणि मधे कोण उभं असतं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला हाच प्रश्न सगळ्यांत आधीचा वाटतो, म्हणून हा धागा. मी त्यातल्या त्यात नीट वाचलंय ते गिनीमधल्या सिमांडूबद्दल. ते जरा सविस्तर लिहिते.

सिमांडू ही गिनीच्या आग्नेय भागातली शंभर किलोमीटरहून लांब डोंगररांग. उच्च प्रतीच्या लोहखनिजाचा एवढा मोठा, हात न लावलेला साठा जगात दुसरा नव्हता. रिओ टिंटो या ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन खाण कंपनीने १९९७ साली इथे शोधाचे परवाने घेतले. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लान्साना कोंते यांच्या सरकारने त्यातला उत्तरेकडचा अर्धा भाग, म्हणजे ब्लॉक १ आणि २, रिओकडून काढून घेतला आणि डिसेंबरमध्ये इस्रायली उद्योजक बेनी स्टाइनमेट्झ यांच्या बीएसजीआर समूहाला दिला. कोंते तेव्हा मरणपंथाला लागलेले होते आणि त्याच महिन्यात गेले. बीएसजीआरचा व्यवसाय मुख्यतः हिऱ्यांचा. एवढी मोठी लोहखनिजाची खाण त्यांनी कधी चालवलेली नव्हती. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी गिनीतल्या आपल्या मालमत्तेतला ५१ टक्के वाटा ब्राझीलच्या वाले कंपनीला अडीच अब्ज डॉलरला विकायचा करार केला. त्यातले ५० कोटी डॉलर लगेच हातात आले. तोपर्यंत त्यांनी शोधकामावर खर्च केल्याचं सांगितलं जातं ती रक्कम सोळा-सतरा कोटी डॉलरच्या घरातली होती. जमीन गिनीची, डोंगर गिनीचा, आणि किमतीतली ही उडी पडली तिसऱ्याच्या खात्यात.

२०१० च्या अखेरीस आल्फा कोंदे निवडून आले. त्यांनी २०११ मध्ये नवा खाण कायदा आणला आणि जुने करार तपासायला समिती नेमली. त्या तपासात मामादी तुरे हे नाव पुढे आलं, दिवंगत राष्ट्राध्यक्ष कोंते यांच्या चौथ्या पत्नीचं. परवाना मिळवून देण्यासाठी तिला पैसे आणि वाटा देण्याचे लेखी करार झाले होते. हो, लेखी! त्यावर सह्या होत्या. २०१३ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडात राहत होती आणि एफबीआयला मदत करत होती. फ्रेडरिक सिलँ नावाचा फ्रेंच मध्यस्थ ते कागद नष्ट करण्याच्या बदल्यात पैसे देऊ करताना ध्वनिमुद्रणात सापडला. जॅक्सनव्हिलच्या विमानतळावर त्याला अटक झाली आणि पुढे त्याने तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला. एप्रिल २०१४ मध्ये गिनीने परवाने रद्द केले. वालेचे ५० कोटी अडकले. २०१९ मध्ये लंडनच्या लवादाने वालेच्या बाजूने व्याजासकट सुमारे दोन अब्ज डॉलरचा निवाडा दिला. जानेवारी २०२१ मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने स्टाइनमेट्झना पाच वर्षांची शिक्षा आणि ५ कोटी फ्रँकचा भुर्दंड सुनावला. २०२३ मध्ये अपिलात शिक्षा तीन वर्षांवर आली, पण लाचखोरीचा दोष कायम राहिला. त्यांनी आरोप सतत नाकारलेत, हेही नोंदवते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की रिओ टिंटो बिचारी प्रामाणिक कंपनी, तिचं नुकसान झालं. तर पुढे वाचा. २०११ मध्ये आपल्याकडे उरलेले दक्षिणेचे ब्लॉक टिकवण्यासाठी रिओने गिनी सरकारला अधिकृतपणे ७० कोटी डॉलर दिले. शिवाय एका फ्रेंच सल्लागाराला १.०५ कोटी डॉलर दिले. हा सल्लागार गिनीतल्या एका बड्या सरकारी व्यक्तीचा जुना मित्र. २०१६ मध्ये त्याबद्दलचे ईमेल बाहेर आले आणि रिओने दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाशी कंपनीने दीड कोटी डॉलर भरून तडजोड केली. आयोगाच्या आदेशात म्हटलंय की त्या सल्लागाराने किमान ८,२२,००० डॉलर एका सरकारी अधिकाऱ्याला देऊ केले होते आणि त्याचा रिओबरोबर लेखी करार नसतानाच त्याचं काम सुरू झालं होतं.

आणि या दोन राजवटींच्या मधला, लष्करी काळातला खाणमंत्री महमूद थियाम? अमेरिकेचा नागरिक, आधी बँकर. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो दोषी ठरला. वेगळ्याच, चिनी कंपन्यांकडून घेतलेले ८५ लाख डॉलर त्याने अमेरिकेत फिरवले होते, आणि त्यातून न्यूयॉर्क राज्यातली मालमत्ता घेतली, मुलांच्या शाळेची फी भरली. सात वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे एकाच डोंगराभोवती इस्रायली, फ्रेंच, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन, ब्राझिलियन अशा सगळ्या कंपन्या आणि माणसं येऊन गेली. १९९७ ला पहिला परवाना आणि खाणीचं उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधल्या अठ्ठावीस वर्षांत गिनीच्या तिजोरीत जायला हवं होतं ते वकिलांच्या आणि मध्यस्थांच्या खिशात गेलं. सहाशे किलोमीटरहून लांबीचा रेल्वेमार्ग दहा-पंधरा वर्षं आधी झाला असता तर त्या भागातल्या माणसाचं आयुष्य किती बदललं असतं, याचा विचार मनातून जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : परकीय कंपनीची खरी जोखीम खाणीच्या पोटात किंवा धातूच्या भावात बसलेली नसते. ती बसलेली असते परवाना आणि कंपनी यांच्यामधल्या माणसात. तिथे काम केलेल्यांनी, कायद्यातल्या आणि लेखापरीक्षणातल्या लोकांनी इथे लिहावं.

लेखापाल

शाल्मलीताई, उत्तम धागा. मी सनदी लेखापाल आहे. पूर्वी एका समूहाच्या पूर्व आफ्रिकेतल्या उपकंपनीचं ऑडिट आमच्याकडे होतं. नाव लिहीत नाही. तिथे 'सुलभीकरण सेवा' अशा शीर्षकाखाली बिलं यायची. बिलावर कामाचं वर्णन एका ओळीचं, रक्कम गोल, आणि बिल देणाऱ्या कंपनीचा पत्ता तिसऱ्याच देशातल्या टपालपेटीचा. आम्ही काय काम केलं याचा पुरावा मागितला की उत्तर यायचं, 'स्थानिक परिस्थिती तुम्हाला माहीत नाही.' पुढच्या वर्षी ऑडिटर बदलला.

त्यामुळे ग्लेनकोर या स्विस खाण आणि खनिज-व्यापार कंपनीचा खटला मी बारकाईने वाचला. मे २०२२ मध्ये कंपनीने अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गुन्हा कबूल केला. तिच्या स्वतःच्या कबुलीजबाबात आहे की नायजेरिया, कॅमेरून, कोत दिव्वार आणि विषुववृत्तीय गिनीमध्ये धंदा मिळवण्यासाठी मध्यस्थांना ७.९ कोटी डॉलरहून जास्त दिले गेले. काँगोमध्ये तिऱ्हाइतांना सुमारे २.७५ कोटी डॉलर गेले, त्यातला काही भाग अधिकाऱ्यांपर्यंत पोचावा या हेतूने. ते कशासाठी, तर खाणींची सरकारी तपासणी आपल्या सोयीने व्हावी हेही एक कारण होतं. स्वित्झर्लंडमधल्या बार गावात कंपनीच्या मुख्यालयात रोख रकमेसाठी चक्क वेगळी खिडकी होती. तिथून पैसे काढून खासगी विमानाने पश्चिम आफ्रिकेत नेले जात. लंडनच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २८ कोटी पौंड भरायला लावले.

यातले बहुतेक व्यवहार वहीत बिनचूक नोंदलेले असतात. सल्ला शुल्क, कमिशन, कायदेशीर खर्च. बेरीज बरोबर येते. म्हणून नुसत्या आकड्यांच्या तपासणीत ते सापडत नाहीत. समोरच्या सल्लागाराचा मालक कोण, तो कोणाचा नातेवाईक, ही चौकशी करावी लागते आणि तिचे तास ऑडिटच्या फीमध्ये कुणी धरत नाही.

राजाराम_सातारा

सगळं वाचलं. लेखाबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. तिथे देणंघेणं केल्याशिवाय कागद हलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आपली कंपनी सोवळी राहिली तर चिनी कंपनी पैसे देऊन खाण घेऊन जाईल. मग आपल्या देशाला तांबं कुठून मिळणार? ज्यांनी दोनशे वर्षं आफ्रिका लुटली त्यांच्या कायद्यांवरून आपण धडे का घ्यायचे?

शाल्मली

राजारामकाका, पाश्चात्त्यांनी लुटलं याबद्दल दुमत नाही. पण हिशेब तुमच्याच बाजूने करून बघू. बीएसजीआरने पैसे दिले, परवाना मिळाला, आणि पाच-सहा वर्षांत गेला. वालेने स्वतः लाच दिली नव्हती, तरी तिचे ५० कोटी डॉलर बुडाले, कारण विकत घेतलेली वस्तूच सदोष होती. ज्या राष्ट्राध्यक्षाच्या घरातून परवाना येतो तो राष्ट्राध्यक्ष जातो, आणि पुढचा माणूस आल्यावर त्याच्या हातात आयतं हत्यार असतं. देशाला वीस-तीस वर्षं तांबं हवं असेल तर असा परवाना काय कामाचा?

आणि तिथल्या लोकांबद्दल बोलायचं तर काँगोचं उदाहरण बघा. कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालच्या आफ्रिका प्रोग्रेस पॅनेलने २०१३ मध्ये पाच व्यवहार तपासले. काँगोच्या सरकारी कंपन्यांनी खाणींतले वाटे निविदा न काढता, किमतीपेक्षा फार कमी पैशांत परदेशी बेटांवरच्या कंपन्यांना विकले होते. २०१० ते २०१२ या काळातला तोटा १.३६ अब्ज डॉलर. देशाच्या आरोग्य आणि शिक्षण यांच्या मिळून वार्षिक तरतुदीच्या जवळजवळ दुप्पट! त्या कंपन्या डॅन गेर्टलर या इस्रायली उद्योजकाशी संबंधित होत्या, असं अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर निर्बंध लावताना म्हटलं. ते सगळं नाकारतात आणि त्यांच्यावर खटला झालेला नाही. पण २०२२ मध्ये त्यांनी काँगो सरकारशी तडजोड करून सुमारे दोन अब्ज डॉलरच्या खाण आणि तेल मालमत्ता परत केल्या. मधल्या दहा वर्षांत जी मुलं दवाखान्याविना गेली त्यांना ती तडजोड कशी पुरणार?

डिचोलीकर

गोव्याहून लिहितोय. आमच्या तालुक्यात खाण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. २०१२ चा बेकायदा खाणकामावरचा शाह आयोगाचा अहवाल, मग बंदी, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, हे सगळं घरात बसून पाहिलंय. ट्रक हप्त्यावर घेतलेली माणसं आजही त्यातून पूर्ण बाहेर आलेली नाहीत.

शाल्मलीताई, तुमच्या धाग्याला गोव्याचा थेट दुवा आहे तो लायबेरियाचा. २०११ च्या ऑगस्टमध्ये वेदांता समूहातल्या सेसा गोवाने लायबेरियातल्या वेस्टर्न क्लस्टर लोहखनिज प्रकल्पाचा ५१ टक्के वाटा ९ कोटी डॉलरला घेतला. विकणारी होती एलेनिल्टो नावाची कंपनी, जिला हे क्षेत्र नुकतंच मिळालं होतं. यात लाचेचा कुठलाही आरोप मी करत नाहीये, व्यवहार जाहीर होता. पण परवाना एकाला आणि खाण खणणार दुसरा, मधली किंमत पहिल्याला, ही रचना सिमांडूसारखीच दिसते. नंतर इबोला आला, लोहखनिजाचे भाव कोसळले, प्रकल्प थंडावला.

लायबेरियाने एक काम मात्र धाडसाने केलं. २००९ ते २०११ या काळात दिलेल्या खनिज, जंगल, तेल, शेती अशा ६८ करारांची तपासणी बाहेरच्या ऑडिट संस्थेकडून करून घेतली आणि निष्कर्ष छापले. जवळपास सगळ्याच करारांत देशाच्या स्वतःच्या कायद्याची प्रक्रिया धड पाळलेली नव्हती. राष्ट्राध्यक्षपदी तेव्हा नोबेल मिळालेल्या एलन जॉन्सन सरलीफ होत्या. म्हणजे वरची व्यक्ती कितीही नावाजलेली असो, खालची यंत्रणा कच्ची असली तर हेच होतं. आणि असा अहवाल स्वतःहून काढणारी किती राज्यं आपल्याकडे आहेत?

अमोल_चिंगोला

मी काही वर्षं झांबियाच्या कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, एका कंत्राटदाराकडे यंत्रदेखभालीत होतो. चिंगोला आणि किटवे दोन्हीकडे काम केलं. तिथे मराठी माणसं बरीच भेटतात, खाणीत, साखर कारखान्यात, दुकानदारीत.

कोंकोला कॉपर माइन्सचा विषय निघायलाच हवा, कारण ती आपल्या माणसाची कंपनी. वेदांताने २००४ मध्ये तिचा ५१ टक्के वाटा घेतला, पुढे तो ७९.४ झाला, बाकीचा झांबियाच्या सरकारी कंपनीकडे. २०१४ मध्ये एक चित्रफीत झांबियात पोचली. बंगळुरूच्या एका कार्यक्रमात वेदांताचे प्रमुख अनिल अग्रवाल सांगत होते की ही खाण आपण २.५ कोटी डॉलरला घेतली आणि ती दरवर्षी किमान ५० कोटी डॉलर देते. इकडे झांबियात कंपनी आपण तोट्यात असल्याचं सांगत होती. त्या चित्रफितीने काय झालं हे मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्याबरोबर काम करणारे फिटर, ज्यांना मी भाऊ म्हणायचो, ते आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. आमचा त्या भाषणाशी काय संबंध? पण चेहरा तोच ना.

मग काफुए नदीच्या प्रदूषणाचा खटला. चिंगोलाजवळच्या १,८२६ गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा लावला, आणि एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो तिथे चालू शकतो असं ठरवलं. कारण देताना म्हटलं की झांबियात एवढा खटला लढवायला गावकऱ्यांना पैसा आणि अनुभवी वकील मिळणं कठीण आहे. जानेवारी २०२१ मध्ये जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुंगू यांच्या सरकारने कंपनीवर अवसायक (लिक्विडेटर) बसवला. म्हणे आम्ही लोकांसाठी खाण परत घेतोय. काय झालं? चार वर्षं नवी गुंतवणूक नाही, पुरवठादारांची बिलं अडकली, माझ्यासारख्या कंत्राटी माणसांचे पगार महिनोन्महिने लांबले. सरकार बदलल्यावर त्याच अवसायकावर कंपनीच्या पैशांसंबंधी गुन्हे दाखल झाले. आणि २०२३ मध्ये नव्या सरकारने खाण पुन्हा वेदांताला द्यायचं ठरवलं. एक अब्ज डॉलरहून जास्त गुंतवणुकीचं आश्वासन घेऊन. कंपनी चुकते तेव्हा पाणी खराब होतं आणि सरकार चुकतं तेव्हा पगार थांबतो. दोन्ही वेळा भरडला जाणारा माणूस चिंगोलाचाच.

राजाराम_सातारा

अमोल, हे कुठे वाचायला मिळालं नसतं. मग तूच सांग, तिथली माणसं चिनी कंपन्यांबद्दल काय म्हणतात?

अमोल_चिंगोला

काका, रागच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांबिशीजवळ सायनो-मेटल्स या चिनी सरकारी समूहाच्या कंपनीचा आम्लयुक्त गाळाचा बांध फुटला आणि तो गाळ काफुएला मिळणाऱ्या ओढ्यात गेला. किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. मासे मेले, शेतं जळाली. अशा बांधांची तपासणी कागदावर नियमित होत असते. प्रत्यक्षात तपासायला येणाऱ्या खात्याकडे गाडीत घालायला डिझेल नसतं, आणि खाण कंपनीच गाडी पाठवते, जेवण देते, मुक्कामाची सोय करते. याला कायद्याच्या भाषेत लाच म्हणतील की नाही मला माहीत नाही. पण तपासणी कशी होते हे त्यावरून कळावं.

मिलिंद_टोरांटो

जगातल्या खाण कंपन्यांचं भांडवल मोठ्या प्रमाणात टोरांटोच्या शेअर बाजारात उभं राहतं. दर मार्चमध्ये इथे खाण व्यवसायाची मोठी परिषद भरते आणि आफ्रिकेतले खाणमंत्री आपापल्या देशाचे तंबू लावून बसतात. गेल्या वर्षभरात त्या तंबूंत सगळ्यांच्या तोंडी एकच देश होता, माली.

मालीच्या लष्करी सरकारने २०२३ मध्ये नवा खाण कायदा केला, सरकारचा वाटा वाढवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझोल्यूट या ऑस्ट्रेलियन कंपनीचे मुख्याधिकारी बोलणी करायला राजधानी बामाकोला गेले आणि त्यांना ताब्यात घेतलं. कंपनीने १६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केल्यावर सुटका झाली. बॅरिक या कॅनडाच्या सोने-खाण कंपनीच्या चार मालियन कर्मचाऱ्यांना तुरुंगात टाकलं. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या लुलो-गुंकोतो खाणीतून सुमारे तीन टन सोनं हेलिकॉप्टरने उचलून नेलं. मग खाण बंद, जूनमध्ये न्यायालयाने तात्पुरता प्रशासक नेमला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये समझोता.

इथल्या बैठकांत याला सरसकट 'सरकारी दंडेली' म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. नव्वदच्या दशकातले आणि नंतरचे करार बंद दाराआड झाले, करसवलती तीस-तीस वर्षांसाठी गोठवल्या गेल्या, लोकांना कधी ते वाचायला मिळाले नाहीत. सोन्याचा भाव चढला तेव्हा कुठल्याही सरकारला ते करार मोडणं लोकप्रिय वाटणारच. पण त्या चार कर्मचाऱ्यांनी वर्षभर तुरुंगात काढलं, त्यांनी तर कुठलाही करार केला नव्हता. वाढीव महसूल लष्करी राजवटीने कुठे खर्च केला हेही माली सरकार सांगत नाही. तेव्हा सरकारचा वाटा वाढला म्हणजे लोकांचा वाढला असं धरून चालू नये.

ॲड_मृणाल

कायद्याच्या बाजूने थोडं.

अमेरिकेचा परदेशी लाचविरोधी कायदा १९७७ चा. ब्रिटनचा २०१० चा त्याहून कडक, कारण कलम ७ नुसार लाच रोखण्यात कंपनी अपयशी ठरली तरी तो गुन्हा. शाल्मलीने दिलेली जवळपास सगळी प्रकरणं अमेरिका, ब्रिटन किंवा स्वित्झर्लंडमध्ये चालली. गिनी किंवा काँगोच्या न्यायालयात नाहीत. ही सगळ्यांत मोठी उणीव, कारण दंडही तिकडेच जमा होतो. ग्लेनकोरने काँगोला १८ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं ते अपवादासारखं.

आता तीही दारं किलकिली झालीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्या १९७७ च्या कायद्याची अंमलबजावणी थांबवायचा आदेश काढला, जूनमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यात अमेरिकन कंपन्यांच्या हिताला प्राधान्य आहे. ब्रिटनमध्ये ईएनआरसी या काँगोत खाणी असलेल्या कंपनीचा तपास दहा वर्षं चालला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून बंद झाला. त्याआधी उच्च न्यायालयाने तपासयंत्रणेच्याच अधिकाऱ्यांच्या वागण्यावर गंभीर ताशेरे ओढले होते. आरोप म्हणजे दोष नव्हे हेही त्यातून घ्यावं.

आणि भारत? आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने कंपन्यांची जबाबदारी आली, पण ती भारतीय लोकसेवकाला दिलेल्या लाचेपुरती. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा ठरवणारं विधेयक २०११ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. त्याच वर्षी आपण संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला मान्यता दिली होती आणि त्यात हे बंधन स्पष्ट आहे. झांबियात ९,००० चौरस किलोमीटरवर भारतीय कंपन्या उतरणार असतील तर हा कायदा आधी व्हायला हवा. आपल्या कंपनीच्या माणसाला तिथे कुणी पैसे मागितले तर 'माझ्या देशात मला यासाठी तुरुंग आहे' एवढं तरी त्याला म्हणता आलं पाहिजे.

लेखापाल

मृणालताईंच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के पाठिंबा. फिल्डवरच्या तरुण इंजिनिअरला हेच लागतं. वरिष्ठ म्हणतात 'काम करून आण', आणि सापडला की तो एकटा.

वैदेही_क

सगळं वाचून फार निराश व्हायला होतंय. एखादा देश तरी नीट चाललाय का?

मिलिंद_टोरांटो

वैदेही, बोत्सवाना बघ. तिथे डी बिअर्स या हिरे कंपनीबरोबर सरकारची देब्स्वाना ही निम्म्या-निम्म्या वाट्याची कंपनी आहे. ती १९६९ मध्ये निघाली, सरकारचा वाटा निम्मा झाला तो पुढे सत्तरच्या दशकात. हिरे सापडायच्या आधीच सेरेत्से खामा यांच्या पक्षाने ठरवलं होतं की खनिजाचा हक्क टोळीप्रमुखांकडे न राहता देशाकडे राहील, आणि खामा स्वतः ज्या बामांग्वातो समाजाचे त्याच्याच भूमीत ओरापाची खाण निघाली. तरी त्यांनी तो नियम मोडला नाही. पैसा शाळा, रस्ते आणि दवाखान्यांत गेला. तिथेही प्रश्न आहेत. हिऱ्यांची मागणी घसरल्याने सध्या तिजोरी ओढग्रस्त आहे. पण परवान्यावरून सरकारं उलथली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने डी बिअर्सशी नवा करार केला तोही जाहीरपणे, दीर्घ वाटाघाटींनंतर.

गोदाकाठ

मी नाशिकचा, निवृत्त शिक्षक. माझ्याकडे म्युच्युअल फंडातून आणि थेटही काही धातू कंपन्यांचे शेअर आहेत. हा धागा वाचल्यावर स्वस्थ बसवत नाही. माझ्यासारख्याने या कंपन्यांना नेमकं काय विचारावं? वार्षिक सभेत प्रश्न पाठवता येतो असं कळलं.

लेखापाल

सर, नक्की येतो, आणि तुम्ही पाठवाच. सोपे चार प्रश्न लिहितो.

आफ्रिकेतल्या प्रत्येक प्रकल्पासाठी तिथल्या सरकारला रॉयल्टी, कर, शुल्क म्हणून गेल्या वर्षी किती दिलं? कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या मोठ्या कंपन्यांना हे दरवर्षी प्रकल्पवार छापावं लागतं. आपल्याकडे तसं बंधन नाही, पण विचारायला कुणी अडवलेलं नाही. परवाना थेट सरकारकडून निविदेने मिळाला की कुणाकडून विकत घेतला, आणि त्या विकणाऱ्याचा खरा मालक कोण? स्थानिक भागीदार कसा निवडला, त्याने वाट्याचे पैसे भरले की वाटा फुकट मिळाला? आणि सल्लागार, मध्यस्थ, कमिशन यांवर त्या देशात एकूण किती खर्च झाला?

खाणीचा करार जाहीर आहे का हेही विचारा. काँगो, गिनी, लायबेरिया या देशांनी बरेच खाण करार इंटरनेटवर टाकलेत, त्यामुळे 'गोपनीय आहे' हे उत्तर आता सगळीकडे चालत नाही. प्रश्न कंपनी सचिवाच्या नावाने लेखी पाठवा, सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीच्या आत, आणि पोच ठेवा. उत्तर आलं की इथे टाका. मसुदा मी आज रात्री करून देतो. मृणालताई, तुम्ही एकदा नजर घालाल का?

ॲड_मृणाल

घालते. वेस्टर्न क्लस्टर आणि कोंकोला, दोन्हींसाठी वेगवेगळा मसुदा करा. एकत्र विचारलं तर उत्तरही मोघम येतं.